भाविनीची गिटार आणि माझा धसका

चिंचणी
शुक्रवार, सकाळ

ती. नारूभावोजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, नविनचा, तुम्हाला आणि वर्षाताईला पाया पडून नमस्कार. अक्षर वेडंवाकडं आलंय ते सांभाळून घ्या. कागद मांडीवर आहे आणि एक डोळा दारावर. तुमची साखर आटोक्यात असेल, ताईचे गुडघे तिला जिना चढू देत असतील आणि बिलीमोऱ्याच्या तुमच्या घरातलं वायरिंग ठीक असेल अशी आशा करतो. (पत्रात वायरिंगची खुशाली कुणी विचारत नाही हे मला माहीत आहे, पण सध्या कुणाचीही आठवण आली की मला आधी त्यांच्या घरातली बटणं दिसतात.) इकडे आम्ही मजेत आहोत. माझी दक्षा बोंबील वाळत घालतेय, लेक भाविनी आत बसून गिटार वाजवतेय आणि मी मागच्या पडवीत लपून हे लिहितोय. फोन करता आला असता, पण फोनवर माझा आवाज आपोआप चढतो आणि मग आमच्या घरातलं बोलणं बंदरावरच्या बायका संध्याकाळी आम्हालाच परत ऐकवतात.

तर मुद्दा असा. वाणगावच्या भाविकची बँड पार्टी आहे, लग्नात वाजवणारी. त्याला गिटारीवर आमची भाविनी हवी आहे. एखाद्या दिवसापुरती नाही, अख्खा लग्नाचा हंगाम, आणि तोही तिकडे गुजरातेत, तुमच्या बिलीमोऱ्याच्या बाजूला. पोरगी तुम्हाला फोन करून विचारणार आहे की आत्याकडे राहायला येऊ का. तुम्ही चटकन हो म्हणाल, तुमचा स्वभावच तसा आहे, म्हणून तिच्या फोनच्या आधी माझं पत्र पोचावं अशी धडपड करतोय. आधी सगळं वाचा, मग काय ते बोला.

मी भित्रा आहे ही बातमी तुम्हाला नवी नाही. तुमच्या वरातीत फटाक्यांची माळ लागली तेव्हा मी नवरदेवाच्या मागे लपलो होतो आणि तुम्ही फेटा सावरत मला आडोसा दिला होतात, ते उपकार मी विसरलेलो नाही. जन्मभर होड्या बांधल्या, पण त्यातल्या एकीतही बसून खाडीच्या तोंडापलीकडे गेलो नाही. लोक हसायचे. पण माझ्या होड्यांना गिऱ्हाईक होतं ते त्या भीतीमुळेच. फळी फळीला जोडताना मला बुडत्या होडीचा तांडेल समोर गटांगळ्या खाताना दिसायचा, त्याची बायकापोरं किनाऱ्यावर ऊर बडवताना दिसायची, आणि मी तो सांधा उकलून पुन्हा नव्याने भरायचो. धाडसी सुताराने एवढी मेहनत कशाला घेतली असती?

मग फायबरच्या होड्या आल्या आणि माझे रंधे गंजायला लागले. त्याच सुमारास भाविनीने गिटार मागितली. पोरगी डावखुरी. दुकानातली गिटार उलटी धरून वाजवायला गेली की आवाजाची बटणं नेमकी तिच्या कोपराखाली यायची आणि गाणं मध्येच बंद पडायचं. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही एवढाल्या होड्या करता, मग मला एक डाव्या हाताची गिटार नाही जमणार? कुठल्या बापाला नाही म्हणवेल? मी हो म्हटलं, मोडलेल्या होडीचा सागवानी तख्ता काढला, आकार आखला, करवत लावली, आणि अर्धं लाकूड कापून झाल्यावर तिने मला शांतपणे सांगितलं की ही गिटार विजेवर चालते.

पहिली गिटार मी होडीसारखीच बांधली, दुसरं काही मला येतच नव्हतं. होडीच्या पुढच्या टोकाला आपल्याकडे नाळ म्हणतात आणि मागच्या टोकाला वरास. मी गिटारीलाही तीच नावं दिली आणि ती कुठूनही फुटणार नाही, कुठूनही पाणी शिरणार नाही अशी मजबूत केली. भाविनीने पट्टा खांद्यावर घेतला आणि वजनाने उभ्याची खाली बसली. मागची कड तर एवढी बोचायची की आठवड्याभरात बरगडीवर वळ उठला आणि दक्षा मला विचारायला लागली की पोरीला मारलंस का. तेव्हा मी घाबरून मागचं अंग पोटाच्या मापाने कोरून काढलं आणि जिथे हात टेकतो तिथली कड गोल उतरवली. पोरीला बरं वाटलं. हा शोध जगात पहिल्यांदा मीच लावला अशा समजुतीने मी काही दिवस गावातून ताठ मानेने फिरलो. (नंतर कळलं, सगळ्या जगात असंच करतात. कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.)

मानेचं प्रकरण याहून वाईट. सहा तारा मिळून गिटारीच्या मानेला एक माणूस लटकल्याएवढी ओढ देतात असं मोबाईलवर ऐकलं आणि माझी झोप उडाली. मान तुटून पोरीच्या डोळ्यात गेली तर? म्हणून मी ती वल्ह्यासारखी जाड ठेवली. तिची बोटं पलीकडे पोचेनात. ती रोज म्हणायची, पप्पा, अजून थोडी तासा. मी रोज रंध्याचा एक हात मारायचो, तारा चढवायचो आणि दाराआड उभा राहून एका डोळ्याने बघायचो की तुटते का. शेवटी मानेच्या पोटात पोलादी सळई घातली आणि तिला एक चाकी बसवली. चाकी फिरवली की वाकलेली मान सरळ होते. त्यानंतर मी मान हवी तेवढी बारीक केली, पण दाराआड उभं राहायची सवय काही गेली नाही.

मग ध्यानात आलं की नाळ जड झाली आहे. भाविनीने हात सोडला की नाळ खाली. होडीची नाळ अशी खाली गेली तर आम्ही वरासेत वजन भरतो, म्हणून मी जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या वितळवून गिटारीच्या वरासेत ओतल्या. तोल असा सुंदर साधला की मी दक्षाला हाक मारून दाखवला. भाविनी मात्र म्हणाली, "पप्पा, मला गिटार वाजवायचीय, नांगर नाय टाकायचा." शिसं काढलं. नाळ लहान केली, पट्टा अडकवायचं शिंग पुढे लांबवलं, एकूण वजन घटवायला आतून लाकडात दोन पोकळ्या कोरल्या, आणि मग कुठे ती आपल्या आपण आडवी राहायला लागली. आता ही सुधारणा इतकी चांगली झाली आहे की भाविकच्या पार्टीतला दुसरा गिटारवाला माझ्याकडे तसंच शिंग मागतोय. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही, त्याचे केस फार लांब आहेत आणि बोलताना तो हातवारे करतो.

एक चूक मात्र मला सांगायलाच हवी, कारण ताईला वासावरून कळेलच. लाकूड समुद्राच्या हवेत फुगू नये म्हणून मी त्याला माशाचं तेल चोळलं. होडीला आपण चोळतोच, चांगले सात-आठ हात दिले. लाकूड काय चमकलं म्हणता! पण भाविनी अंगणात वाजवायला बसली की आळीतली मांजरं भिंतीवर ओळीने येऊन बसायची आणि हळूहळू जवळ सरकायची. त्यांची नजर मला आवडली नाही. एक बोका तर थेट तिच्या मांडीवर चढून नाळ चाटायला लागला. त्यातच दक्षाने गिटारीची पूजा मांडली. नवीन होडी पाण्यात घालताना नाळेवर नारळ फोडतात, तसा तिने गिटारीच्या नाळेवर फोडला, मनोभावे, दोन्ही हातांनी. पाणी मानेवरून ओघळत बटणांच्या भोकांतून आत शिरलं. माझ्या डोळ्यांसमोर पाणी आणि वीज एकत्र उभी राहिली आणि मी असा ओरडलो की बंदरावर ऐकू गेलं. (तिथून मग आम्हाला परत ऐकवण्यात आलं.) गिटार सुकवायला जागा हवी म्हणून दक्षाने ती बोंबलांच्या बांबूवर टांगली. चार दिवस ती बोंबलांच्या मध्ये लटकत होती. आता तेल खरवडून मी तिला साधं पॉलिश मारलंय, भोकांना रबराच्या चकत्या लावल्यात, पण पावसाळी हवेत अजूनही वास येतो. ताईने नाकाला पदर लावला तरी चालेल, पण पोरीसमोर नको.

आता खरी भीती लिहितो. तारा ज्या लोखंडी पट्टीवर बसतात तिच्या खालून एक बारीक वायर गिटारीच्या पोटात जाते. म्हणजे बघा, पोरीची बोटं तारेला, तार पट्टीला, पट्टी वायरला आणि वायर भिंतीतल्या बटणाला. मी कुणाला न विचारता ती वायर कापून टाकली. त्या दिवसापासून गिटार अशी गुणगुणायला लागली की दक्षा देवघराजवळ जाऊन पोळं शोधत होती. शेवटी पार्टीचा साउंडवाला काकड्या झरीवरून आला. त्याने झाकण उघडलं, कापलेली वायर चिमटीत धरून मला दाखवली. मग म्हणाला, "काका, ही वायर करंट आणत नाय, घाण आवाज न्यायला असते. तुम्ही तर आवाजाची वाटच बंद केली." त्याने वायर जोडली, मी बटणांच्या पोकळीला आतून तांब्याचा पत्रा लावला, आणि गुणगुण थांबली. इथवर सगळं छान होतं. पण जाता जाता, तोंडात भजी असताना, त्याने सहज सांगितलं की कुठल्याशा लग्नात बोर्डाचं कनेक्शन उलटं होतं, गिटार हातात घेऊन गायकाने माइकला ओठ लावले आणि तो स्टेजवरून मागे फेकला गेला. जिवंत आहे म्हणे. एवढं बोलून काकड्याने दुसरं भजं उचललं. मला मात्र त्या क्षणापासून घास गोड लागलेला नाही.

(भूकंपाचे धक्के तुम्हाला आठवत असतील, तलासरीकडे जास्त बसतात, आपल्याकडे भांडी वाजतात तेवढेच. मागच्या आठवड्यात तसा एक धक्का बसला तेव्हा गिटार खुंटीला होती आणि तिचा आवाज मोठा करायचं मशीन चालू राहिलं होतं. जमीन जराशी हलली आणि सहाही तारा आपोआप घरभर गरजल्या. मी अंगणात पोचलो तेव्हा माझ्या हातात काय होतं माहीत आहे? रंधा. बायको आणि मुलगी आत, आणि मी रंधा घेऊन बाहेर. भाविनी दारात येऊन हसत म्हणाली, पप्पा, सूर बरोबर लागलेत. या मुलीला कशाचीच भीती वाटत नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त वाटते.)

परवा झरीला काकड्याच्या भाचीचं, भिकीचं लग्न होतं. भाविनीची पहिली वेळ. भाविक म्हणाला होता, हिने इथे वाजवलं की हंगामाचं ठरवू. मी टेम्पोत तिच्याशेजारी बसून गेलो आणि खरं सांगतो भावोजी, वाटभर मनात म्हणत होतो की पोरी, चूक. चांगली दोनदा-तीनदा चूक, लोक हसू देत, आपण घरी जाऊ, तारापूरच्या कारखान्यात तुला पॅकिंगला लावू. (कारखान्याचीही मला भीती वाटते, तिथे भोंगा होतो. पण तो रोज ठरल्या वेळी होतो.)

भर दुपार, हिरव्या पाल्याचा मांडव, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज. खाली बोर्ड ठेवलेला आणि त्याला अगदी लागून पाण्याचं पिंप. मी पिंप हलवलं. तहानलेली माणसं त्याच्यामागे आली, मी माणसं हलवली. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याला वाटलं मी जेवणाच्या पंक्ती लावतोय, त्याने मला मीठ वाढायला सांगितलं, ते मी वाढलं. तेवढ्यात भाविनी ट्रॉलीवर चढली, गिटार गळ्यात घेतली आणि माइककडे वाकली. मला काकड्याचं भजं आठवलं. मी कसा चढलो ते मला माहीत नाही, पण पुढच्या क्षणी मी ट्रॉलीवर होतो. तिच्या गळ्यातून गिटार ओढून घेतली, एका मुठीत सहाही तारा धरल्या, दुसऱ्या मुठीत माइक, डोळे मिटले आणि डहाणूच्या महालक्ष्मीला हाक मारली. म्हटलं, "आई, काय करायचं ते माझं कर. मी झालो जगून. पोरीला हात लावू नको."

माइक चालू होता.

झरीत त्या दिवशी जेवढी माणसं होती, त्या सगळ्यांनी ते ऐकलं. मांडवात ऐकलं, चुलीवरच्या बायकांनी ऐकलं, रस्त्यावर एक जीप थांबली होती तिच्यातल्यांनी ऐकलं. मी डोळे उघडले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, आणि नवरीची आई नवशी, जी सकाळपासून कुणापुढे रडली नव्हती म्हणे, ती मांडवाचा खांब धरून ढसाढसा रडत होती. मला काहीही झालं नव्हतं. करंट नाही, झिणझिणी नाही, काही नाही. फक्त मूठ सुटत नव्हती. मला वाटलं भाविनी चिडणार, चारचौघांत बापाने असं केलं म्हणून. चिडली नाही. माझी मूठ तिने एकेक बोट करून सोडवली, माझ्या घामाने तारा ओल्या झाल्या होत्या त्या ओढणीने पुसल्या आणि म्हणाली, "पप्पा, इथंच बाजूला बसा. बोर्डावर लक्ष ठेवा."

मी बोर्डावर लक्ष ठेवलं. तिने आधी सिनेमातलं काहीतरी वाजवलं, मग नाचात फुंकतात त्या तारप्याची चाल धरली. ती चाल मी बारशापासून ऐकत आलोय, पण माझ्या होडीच्या तख्त्यातून ती अशी निघेल असं वाटलं नव्हतं. बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले, फेर धरला, नवरीसुद्धा त्यात गेली. भाविनी एकदाही चुकली नाही. मी मान वर करून नीट बघितलंही नाही, बोर्डाकडे कोण बघणार? पण डोळे भरून आले आणि बोर्ड दिसेनासा झाला, तेव्हा कुणी हात लावेल म्हणून घाबरून मी बोर्डावर पायच ठेवला. भाविकने तिथल्या तिथे हंगामाला होकार दिला.

म्हणून आता हात जोडून मागणं आहे. तुम्ही नाही म्हणा. घराला रंग लावतोय म्हणा, पाहुणे आहेत म्हणा, ताईच्या गुडघ्यांवर ढकला. मी नाही म्हटलं तर ती माझ्याकडे नुसती बघेल आणि मी हो म्हणेन. तुम्ही लांब आहात, तुम्हाला ते जमेल.

ताईला नमस्कार सांगा, आणि घरातले सगळे बोर्ड एकदा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

तुमचा, तुमच्या फेट्यामागे लपलेला,
नविन

ता. क. : पत्र घडी घालून आत गेलो तर दक्षा म्हणाली, भाविनीचा तुम्हाला फोन कधीच झाला. तुम्ही म्हणे वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालात आणि ताई मागून ओरडली की वरची खोली तिचीच. मला वाटलंच होतं. उद्या पार्टीचा टेम्पो निघतोय. रंगाचं आणि पाहुण्यांचं विसरा. पत्र आता तिच्याच हाती पाठवतो. पाकीट गिटारीच्या मानेला वापरतो त्या गोंदाने चिकटवणार आहे, तेव्हा उघडताना सुरी लागेल. बोट सांभाळा.

आणखी एक ता. क. : हे मात्र फक्त तुम्हाला. ताईला दाखवू नका, ती मला जिवंत सोडणार नाही. तुम्ही आयुष्यभर वीज कंपनीत नोकरी केलीत. बिलाच्या खिडकीवर का होईना, पण इतकी वर्षं तिचं काम केल्यावर करंट तुम्हाला थोडाफार ओळखत असेलच. तर बिलीमोऱ्यात जिथे जिथे भाविनीचं वाजवणं असेल तिथे तुम्ही जायचं. लग्न कुणाचंही असो, तुम्हाला कुणी अडवणार नाही, तुमचं पोट पाहुण्याचंच आहे. तिने गिटार गळ्यात घ्यायच्या आधी तुम्ही ती हातात घ्यायची, एका मुठीत तारा आणि दुसऱ्या मुठीत माइक. अंगठी काढून ठेवा. माइक बंद आहे ना ते आधी बघा, ते मी शिकलोय. काही झालं नाही तर पोरीला खुणेने सांगा. काही झालं, तर निदान ते तुम्हाला झालेलं असेल. हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण मला दुसरा मार्ग दिसत नाही. तिथे मी नसणार.

शेवटचं ता. क. : काकड्या टेम्पो घेऊन आजच आला. त्याने भाविनीला एक छोटी डबी दिली आहे. ती गिटारीला लावायची, बॅटरीवर चालते, आवाज हवेतून मशीनला जातो. गिटारीपासून मशीनपर्यंत वायरच राहिली नाही. म्हणजे गिटारीतून पोरीच्या अंगात करंट यायला वाटच नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं, काकड्याने पुन्हा पुन्हा समजावलं, भाविनीनेही समजावलं, शेवटी दक्षानेही समजावलं. मला समजलं. आता तुम्ही हात लावायचं काही कारण उरलेलं नाही.

तरी भावोजी, ती वाजवायला उभी राहील तेव्हा आधी एकदा हात लावत जा.